डब्लिन ते मोपा, विनाथांबा

गोकुळदासांना वेळ विचारावी लागत नाही, ते आपणहून सांगतात. पेडण्याच्या बस स्टँडवर टायमकीपर म्हणून उभी हयात घालवलेला माणूस. निवृत्त झाला तरी गळ्यातली शिट्टी तेवढी उतरली, बाकी सगळं अंगातच राहिलं. कोरगावात कुणाचं वऱ्हाड निघायचं असो, कुणाला सावंतवाडीला डॉक्टर गाठायचा असो, की कुणाला नुसतंच म्हापशाला जाऊन चपला बदलून आणायच्या असोत, माणूस आधी गोकुळदासांच्या ओसरीवर टेकतो. कुठून, किती वाजता निघणार, एवढं सांगायचं. पोचायची वेळ ते सांगणार. आणि ती बहुतेक बरोबर निघते, हेही कबूल केलं पाहिजे.

त्यांचं एक तत्त्व होतं. प्रवास करणाऱ्याला पोचायची वेळ कधी विचारायची नाही. ड्रायव्हर सांगतो ती त्याची इच्छा असते, प्रवासी सांगतो ती त्याची आशा असते, आणि कंपनी सांगते ती जाहिरात असते, असं ते म्हणत. सुटण्याची वेळ आणि अंतर, ह्या दोन वस्तू हातात द्या, बाकी माझ्यावर सोडा.

तर डब्लिनहून त्यांची लेक गौरवी हिचा फोन आला, की मी सातव्या महिन्यात घरी येते, बाळंतपण कोरगावलाच, नवरा मागाहून येईल, गुरुवारी रात्री नऊला निघते आणि पोचते शुक्रवारी... तेव्हा गोकुळदासांनी तिला तिथेच थांबवलं. पोचायचं माझ्यावर सोड, म्हणाले. गौरवी हसली. बापाचा स्वभाव तिला जन्मापासून माहीत. विमलाबाईंनी बाजूनं खुणा केल्या, निदान नीट ऐकून तरी घ्या म्हणून. पण तोवर ह्यांनी फोन ठेवलासुद्धा होता आणि चष्मा शोधत होते.

हल्ली मोबाइलवर सगळंच मिळतं. दोन विमानतळांची नावं घाला, मधलं अंतर आणि लागणारा वेळ एका क्षणात हजर. गोकुळदासांनी एका बोटानं डब्लिन घातलं, घरामागचं मोपा घातलं. पानानं सांगितलं, अंतर आठ हजार किलोमीटरला जरासं कमी, वेळ दहा तास. ह्या दोन ठिकाणांमध्ये मुळात विमान जातं का, हे त्या पानाला कुणी विचारलं नव्हतं, आणि त्यानंही सांगितलं नाही. गोकुळदासांनी आयर्लंडचं घड्याळ आपल्या मागे किती हे धरलं, उन्हाळ्यात ते तासभर पुढे सरकवतात हेसुद्धा धरलं, आणि जाहीर केलं, की गौरवी शुक्रवारी सकाळी साडेअकराला मोपाला उतरेल. कोण म्हणेल माणूस निष्काळजी आहे म्हणून?

शेजारचे अनंत लगेच हजर झाले. मोपाला उतरणारी विमानं अनंतांच्या काजीवरून, म्हणजे काजूच्या बागेवरून, जातात, त्यामुळे गावात विमान ह्या विषयावरचा अधिकार त्यांच्याकडे आहे अशी त्यांची समजूत. साडेअकराचं मोठं विमान मी रोज बघतो, ते आयर्लंडचंच असणार, रंग हिरवा आहे, असं त्यांनी सांगितलं. गोकुळदासांना पुराव्याची गरज नव्हती, पण आलेला पुरावा त्यांनी परतही पाठवला नाही.

एवढ्यावर भागलं असतं तर गोष्ट सांगायचं काही कारण नव्हतं. पण पहिलटकरणीला सातव्यात फुलं माळायची असतात. हिरवं लुगडं नेसवायचं, केसांत अबोलीच्या आणि जायांच्या फाती, म्हणजे गजरे, भरायच्या, ओटी भरायची, आणि पहिली फाती सासूनं माळायची. भटजींनी पंचांग उघडलं आणि त्यांचा चेहरा पडला. शनिवारी अवस. रविवारपासून अधिक महिना. तो सरेपर्यंत गौरवीला आठवा संपत येणार. म्हणजे दिवस एकच, शुक्रवार, आणि तोही दिवेलागणीच्या आत. त्यानंतर फुलं माळणं नाही.

गोकुळदासांनी मांडी बदलली आणि म्हणाले, साडेअकराला लेक उतरते, बाराला घरी, दोनला जेवणं, चारला फुलं. दिवेलागणीला अजून तीन तास हातात उरतात, त्याचं काय करायचं ते तुम्ही सांगा. भटजी आयर्लंडहून येणाऱ्या मुलीचा मुहूर्त पहिल्यांदाच काढत होते. त्यांनी मान डोलावली.

खरी अडचण डिचोलीत होती. गौरवीच्या सासूबाई, कमलताई. डिचोलीच्या बाजारात ह्यांचं कापडाचं दुकान, बोलणं मोजकं आणि लक्षात ठेवणं दांडगं. गौरवीच्या लग्नात डिचोलीचं वऱ्हाड कोरगावच्या मांडवात पोचलं तेव्हा गोकुळदासांनी हात जोडून स्वागत करता करता घड्याळ बघितलं होतं आणि म्हणाले होते, अकरा मिनिटं उशीर. वऱ्हाडानं ते हसण्यावारी नेलं. कमलताईंनी नेलं नाही. तेव्हापासून डिचोलीहून कोरगावला काही निरोप आला, की त्यात कुठेतरी वेळेचा उल्लेख असायचाच. फुलांची बातमी कळल्यावर त्यांनी कळवलं, की फाती मी स्वतः गुंफून आणणार, शुक्रवारी दहाला येणार, आणि सून वेळेवर येईल ना एवढं व्याह्यांना विचारून ठेवा.

हे गोकुळदासांना लागलं. लागणारच. टायमकीपरला, तेही व्याहिणीनं. त्यांनी सरळ मिनीबसच ठरवली. लेकीला आणायला साधी टॅक्सी नको, सगळी मंडळी विमानतळावर नेऊ, विहीणबाईंना साडेअकरा त्यांच्या डोळ्यांनी बघू दे. बस गोपाळची. हा गोपाळ पूर्वी सरकारी बसवर ड्रायव्हर होता, आणि चहाचा थांबा लांबवला म्हणून गोकुळदासांनी त्याच्यावर जेवढ्या वेळा शिट्टी फुंकली असेल तेवढ्या वेळा एखाद्या रेफरीनं आयुष्यात फुंकली नसेल. बोलावल्यावर तो आला मात्र खुशीत.

शुक्रवारी दहाला कमलताई उतरल्या. हातात वेताची टोपली, टोपलीत केळीच्या पानात गुंडाळलेल्या फाती, वर ओलं फडकं, आणि खांद्याच्या पिशवीत हिरवं लुगडं. टोपली त्यांनी कुणाच्या हातात दिली नाही. विमलाबाईंनी चहा दिला तेव्हा ती मांडीवर होती, आणि बसमध्ये चढल्या तेव्हाही मांडीवरच. घरी पंचवीस पानं व्हायची होती, भाज्यांचं खतखतं शिजत होतं, आणि अनंत अंगणात उभे राहून हिरव्या विमानाची वाट बघत होते.

मोपाला पोचल्यावर पहिला धडा असा मिळाला, की तिथे गाडीला थांबता येत नाही. माणसं उतरवा आणि चालू लागा, नाहीतर दंड. गोपाळनं खिडकीतून बघितलं, की आता गोकुळदास काय म्हणतात. गोकुळदास काय म्हणणार? थांब्याची शिस्त त्यांना जन्मभर प्रिय. ते आणि विमलाबाई उतरले. कमलताई म्हणाल्या, उन्हात फुलं कोमेजतील, मी गाडीतच बसते. त्यामुळे झालं काय, की गोपाळ बस घेऊन विमानतळाला फेऱ्या घालू लागला आणि कमलताई टोपलीसकट त्या फेऱ्यांत गेल्या. दर थोड्या वेळानं बस दारासमोरून जायची, जनेलातून कमलताई व्याह्यांकडे बघायच्या, आणि बस पुढे जायची.  

साडेअकरा झाले. बारा झाले. दारातून हैदराबादची माणसं आली, दिल्लीची आली, बंगळुरूचा एक लग्नाचा घोळका ढोलासकट आला. गौरवीचा फोन बंद. विमलाबाईंनी पदर दोनदा सारखा केला, आणि लग्नाला तीस वर्षं झालेल्या माणसाला त्याचा अर्थ कळतो. साडेबाराला गोकुळदास चौकशीच्या खिडकीशी गेले. तिथे सिद्धी नावाची मुलगी होती, नाव छातीवर लावलेलं. डब्लिनची गाडी लागली का, असं त्यांनी विचारलं.

सिद्धीनं त्यांना तीन वेळा बोलायला लावलं, कळलं नाही म्हणून नव्हे, खात्री करायला. मग ती म्हणाली, काका, डब्लिनहून इथे विमान येत नाही.

"रद्द झालां?"

"रद्द नाही काका. कधी नव्हतंच."

 हे हसण्यासारखं नव्हे. रात्री नऊला निघालेली पोटुशी लेक, आठ हजार किलोमीटर, आणि ज्या विमानात ती बसली ते विमानच नव्हतं.  सिद्धी भली मुलगी. तिनं पाण्याची बाटली पुढे केली आणि हळू आवाजात विचारलं, "काका, येणाऱ्यांचा वाटेत थांबा कुठे आहे?"

थांबा.

आता तुम्हीच सांगा, ह्या माणसाचं काय झालं असेल. ज्यानं जन्मभर थांब्यांवरून भांडणं केली, थिव्याला एवढा वेळ, कोलवाळला तेवढा, म्हापशाला चहाला इतका आणि मिनिटभर जास्त नाही, त्या माणसानं आयुष्यातला सगळ्यात लांबचा हिशोब केला आणि त्यात थांबा धरला नाही. नोकरीत असताना कुणी नवख्यानं अशी वेळ काढून आणली असती, तर गोकुळदासांनी त्याला स्टँडच्या फाटकापर्यंत पोचवून दिलं असतं. ह्यांना पोचवायला कोणी नव्हतं. ते आपले आपणच बाहेर आले.

विमलाबाईंना त्यांनी सांगितलं, की विमान मध्ये कुठेतरी थांबतं, गौरवी सुखरूप आहे, काळजीचं कारण नाही. विमलाबाईंनी आधी डोळे पुसले, मग विचारलं, "आणि पोचता कधी?"  कुठे थांबतं आणि किती वेळ, हे ठाऊक असल्याशिवाय ते सांगणं शक्य नव्हतं, आणि ठाऊक असलेल्या एकुलत्या एक माणसाला त्यांनी बोलू दिलं नव्हतं.

पुढच्या फेरीला बस आली तेव्हा गोपाळनं वेग कमी केला आणि कमलताईंनी जनेलातून विचारलं, "व्याही, फुलां माका विचारतत. तेंका काय सांगू?" गोकुळदासांनी थांब्याबद्दल काहीतरी तांत्रिक सांगायला सुरुवात केली, पण तोवर गाड्या हाकणाऱ्या दारावरच्या शिपायानं शिट्टी मारली आणि बस गेली. शिट्टी ऐकून त्यांना पहिल्यांदाच वाईट वाटलं.

दुपार अशी गेली. घरून फोन येत होते. खतखतं दोनदा गरम झालं. पंचवीस माणसांनी शेवटी जेवून घेतलं, आणि अनंतांनी कळवलं, की हिरवं विमान काजीवरून गेलं, पण त्यात गौरवी होती की नाही हे खालून दिसलं नाही.

साडेतीनच्या पुढे विमलाबाईंचा फोन वाजला. गौरवी! "आई, मी भायर इलंय. तुमी खंय आसात?" विमलाबाईंना एवढा आनंद झाला की त्या फोनवरच रडल्या. आम्ही दारातच आहोत म्हणाल्या. मी पण दारातच आहे, गौरवी म्हणाली. मग दोघी एकमेकींना शोधू लागल्या. आई म्हणते कॉफीच्या दुकानापाशी उभी राहा, लेक म्हणते मी कॉफीच्या दुकानापाशीच आहे. आई म्हणते हात वर कर, लेक हात वर करते. गोकुळदास कठड्यावर चढून बघतात. गर्दीत दहा हात वर आहेत, त्यातला एकही लेकीचा नाही. शेवटी गौरवी म्हणाली, की समोर नारळ आहेत आणि त्यांच्या मागे नौदलाची पाटी आहे. तेव्हा गोकुळदास कठड्यावरून खाली उतरले.

नौदलाची पाटी दाबोळीला आहे.

आता गोव्याला विमानतळ दोन, हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक. पण कोरगावच्या माणसाच्या डोक्यात दुसरा येत नाही. घरामागे मोपा असताना कोणी दाबोळीला कशाला उतरेल? आजवर गौरवी दाबोळीला उतरली ती मोपा नव्हतं म्हणून, अशी गोकुळदासांची पक्की समजूत. आखाताकडून येणारं तिचं विमान मात्र दाबोळीलाच येत होतं, आणि ते ती सांगत होती त्या दिवशी, फोनवर, पूर्ण वाक्यात.

पुढच्या फेरीला गोकुळदासांनी बस थांबवली आणि शिपायाकडे न बघता आत चढले. व्याहिणीसमोर उभे राहिले. सगळं सांगितलं, आडपडदा न ठेवता. दाबोळी ते कोरगाव म्हणजे अर्धा गोवा उभा ओलांडायचा. झुवारीचा पूल, पणजी, पर्वरीच्या उड्डाणपुलाचं काम, आणि आज शुक्रवार म्हणजे म्हापशाचा बाजार. लेक निघाली तरी दिवेलागणीच्या आत घरी पोचत नाही.

कमलताईंनी टोपलीवरचं फडकं उचललं, फातींवर पाणी शिंपडलं, आणि म्हणाल्या, "मगे? रडाचा आसा की जावचा आसा?"

ह्या एका वाक्यानं गोकुळदास जागेवर आले. त्यांनी गौरवीला टॅक्सी करून निघायला सांगितलं. ती सुटली ती वेळ बघितली. गोपाळच्या शेजारी बसले, आणि मिनीबस दक्षिणेला लागली. एक गाडी वर येते, एक खाली जाते, त्यांचं क्रॉसिंग कुठे होणार, हे तर त्यांचं रोजचं काम होतं. गोपाळ म्हणाला, कोलवाळच्या पुलावर भेटतील. गोकुळदासांनी नाही म्हणून मान हलवली. झुवारीच्या पुलाला मिनिटं धरली, पर्वरीला धरली, आणि ह्या खेपेला थांबे धरले. पोटुशी बाई आहे, वाटेत एकदा उतरेल, लिंबूसोडा पिईल, पाठ टेकेल. दोन थांबे. "म्हापसा स्टँड," ते म्हणाले, "पेडण्याचो फलाट. दिवे लागाच्या आधी अर्धो तास." आणि हात पोटावर बांधून बसले. गोपाळनं घासाघीस केली नाही. त्यांचा हा आवाज त्याला ओळखीचा होता, आणि खरं सांगायचं तर आज सकाळपासून त्याला तो चुकल्यासारखा वाटत होता.

म्हापशाला बाजार उठत होता. मिरच्यांच्या गोणी, चोरीस सॉसेजच्या माळा, मडकी, कोंबड्या, आणि सगळ्यांच्या मधून हॉर्न. मिनीबस स्टँडच्या कडेला लागली. गोकुळदास उतरून फलाटावर उभे राहिले. घड्याळ बघितलं नाही. गल्लीच्या टोकाकडे बघत राहिले.  एक टॅक्सी आली, ती कळंगुटची. दुसरी आली, ती रिकामी. तिसरी आली आणि तिचं दार उघडलं, आणि गौरवी उतरली, एका हातात अर्धी लिंबूसोड्याची बाटली, दुसरा हात कमरेवर.

मग बघायला हवं होतं. पेडण्याच्या फलाटावर बाजारातून परतणाऱ्या बायका बसल्या होत्या, पार्शाच्या, इब्रामपूरच्या. विमलाबाईंनी काय आहे ते सांगताच त्या टोपल्या बाजूला सारून उठल्या. एकीनं बाकड्यावर आपली चादर अंथरली, दोघींनी दुसऱ्या चादरीचा आडोसा धरला आणि आत गौरवीला हिरवं लुगडं नेसवलं. सोळा-सतरा तास विमानात आणि टॅक्सीत चुरगळलेले केस कमलताईंनी स्वतःच्या फणीनं विंचरले. टोपलीतून पान उघडलं. अबोली तशीच लालसर, जायांच्या कळ्या नुकत्याच फुटू लागलेल्या. पहिली फाती सासूनं माळली. दुसरी आईनं. पुढच्या फातींना हात लावायला एवढ्या बायका आल्या की केस पुरले नाहीत. ओटीला नारळ कुणी आणला ते कळलं नाही, पण तांदूळ पार्शाच्या एका बाईच्या पिशवीतले होते. तेवढ्यात पेडण्याची बस लागली. बायका चढेनात. तिथला टायमकीपर शिट्टी तोंडात धरून आला, गोकुळदासांना बघितलं, फुलं बघितली, आणि शिट्टी तोंडातून काढली. बस उशिरा सुटली. गोकुळदासांनी ते पाहिलं आणि एक अक्षर बोलले नाहीत. स्टँडवर दिवे लागले तेव्हा गौरवी पेढा खात होती.

परतीला मिनीबसमध्ये सगळ्या बसभर जायांचा वास भरला होता. गौरवी मधल्या बाकावर डोळे मिटून, एका बाजूला आई, दुसऱ्या बाजूला सासू, टोपली रिकामी होऊन पायाशी. कोलवाळचा पूल गेला तेव्हा कमलताई पुढे वाकल्या. "व्याही," त्या म्हणाल्या, "म्हापशाचा तुमचा बरोबर इला. ता मान्य. आता बाळाचा सांगा. डॉक्टर जुलयच्या अखेरीक म्हणता. तुमचो हिशोब काय?"

 गोपाळनं गाडी हळू केली, त्याला ऐकायचं होतं. गोकुळदासांनी सवयीनं मान ताठ केली, तोंड उघडलं, आणि मग सीटवर पूर्ण वळून मागे लेकीकडे बघितलं.

"कधी येतलां गो?" त्यांनी विचारलं.

विमलाबाईंनी नवऱ्याकडे चमकून बघितलं. गौरवीनं डोळे मिटलेलेच ठेवले, हात पोटावर ठेवला.

"विचारून सांगतंय, बाबा."